मिरजेतून बघितलेली बीएनएसएफ

मिरजेत वाढलेल्या माणसाला रेल्वेचं वेड वेगळं लावावं लागत नाही. आमच्या घरात तर जेवताना सुद्धा विषय गाड्यांचाच, आजोबा मिरज जंक्शनला ट्रान्सशिपमेंटच्या, म्हणजे एका गाडीतला माल दुसरीत भरायच्या, शेडमध्ये कारकून होते, थोरले मामा मालगाडीवर गार्ड म्हणून रिटायर झाले आणि मी स्वतः सांगलीत ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहे, हळद बेदाणा गूळ असला माल लोकांना बुक करून देतो, म्हणजे दिवसभर बिल्टी, हमाली, वाराई आणि गाडी कुठं अडकली हेच. सध्या मी एका अमेरिकन रेल्वेचा इतिहास वाचतोय आणि तो डोक्यात इतका भरलाय की लिहून काढल्याशिवाय चैन पडेना.

रेल्वेचं नाव बीएनएसएफ, म्हणजे मूळचं बर्लिंग्टन नॉर्दर्न अँड सांता फे. शिकागोपासून पार पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत, २८ राज्यं, साधारण ३२,५०० मैल म्हणजे ५२ हजार किलोमीटर लाइन. आपल्या अख्ख्या भारतीय रेल्वेची लाइन ६८ हजार किलोमीटरच्या वर आहे, त्यावरून अंदाज करा एका खाजगी कंपनीचा पसारा केवढा ते. आणि ही कंपनी धंदा करते तो फक्त मालाचा. तिच्या पोटात गेल्या पावणेदोनशे वर्षांत जवळपास ३९० छोट्यामोठ्या रेल्वे कंपन्या गेल्यात असं कंपनी स्वतःच सांगते.

आता हे मला इतकं का भिडलं, तर मिरजेमुळं. इंग्रजांच्या काळात ह्या एका जंक्शनवर किती मालक होते बघा. पुण्याहून मिरजेवरून लोंढ्याकडं जाणारी मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेली लाइन, सदर्न मराठा रेल्वेची. कोल्हापूरची लाइन १८९१ ची, ती कोल्हापूर दरबारची, चालवायला दिलेली मराठा रेल्वेकडं. सांगलीचा फाटा १९०७ चा, तो सांगली संस्थानचा. आणि कुर्डुवाडी पंढरपूरकडून १९२७ मध्ये मिरजेला येऊन टेकलेली नॅरोगेज ही बार्शी लाइट रेल्वेची, ती तर वेगळीच खाजगी कंपनी. मग विलीनीकरणं सुरू झाली. १९०८ मध्ये मराठा रेल्वे मद्रास रेल्वेला जोडली गेली आणि मद्रास अँड सदर्न मराठा झाली, १९५१ ला ती सरकारच्या सदर्न रेल्वेत गेली, १९५४ ला बार्शी लाइट सरकारनं विकत घेतली. कागदावर मालक एक झाला पण रूळ काही एक झाले नाहीत, १९७१ ला पुणे मिरज कोल्हापूर ब्रॉडगेज झालं तेव्हा तर मिरजेच्या यार्डात तिन्ही गेज शेजारी शेजारी आले, ब्रॉड मीटर नॅरो, आणि बाहेरचे लोक ते बघायला यायचे.

बघायला छान, पण आजोबांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं त्याचा अर्थ काय. एका गेजची वाघीण, म्हणजे मालाची वॅगन, दुसऱ्या गेजवर चालत नाही म्हणजे प्रत्येक पोतं हमालाच्या पाठीवरून ह्या वॅगनमधून त्या वॅगनमध्ये जाणार, त्यात फुटतूट, पावसात भिजणं, दोन पोती कमी भरणं, मग क्लेमचे कागद, आणि व्यापाऱ्याची चिठ्ठी की माल कुठं आहे. आजोबांची सगळी नोकरी ह्या कागदांत गेली. मामा म्हणतात, "अरे, गाडी पळते किती ते सगळे विचारतात, थांबते कुठं ते कुणी विचारत नाही." मला वाटतं रेल्वे कंपन्या एकत्र होण्याचा सगळा मुद्दा ह्यात आहे. शेअर कुणी कुणाचे घेतले, नाव काय ठेवलं हे वरवरचं, खरा प्रश्न दोन लाइनी जिथं भेटतात तिथं माल किती वेळ पडून राहतो हा.

अमेरिकेत गेजचा घोळ लवकर मिटला होता. पॅसिफिककडं जाणाऱ्या लाइनीसाठी तिथल्या काँग्रेसनं १८६३ मध्येच ४ फूट साडेआठ इंच ठरवून टाकलं, आणि दक्षिणेतल्या राज्यांत रूळ पाच फुटांच्या अंतरावर होते ते १८८६ मध्ये मे संपताना आणि जून लागताना दोन दिवसांत हजारो मैल सरकवून घेतले, हे वाचून मी थक्क झालो, आपल्याकडं एकेका लाइनीचं गेज बदलायला किती वर्षं गेली ते आपण भोगलंय. म्हणजे तिथं पोतं उतरवायचा प्रश्न नव्हता, वॅगन आहे तशी पुढच्या कंपनीच्या रुळावर जायची. पण थांबायची मात्र, कारण शिकागोसारख्या गावात एका कंपनीच्या यार्डातून दुसरीच्या यार्डात वॅगन पोचवायची, हिशोब लिहायचा, दुसऱ्या कंपनीची गाडी भरेपर्यंत वाट बघायची, ह्यात दिवस जायचे.

बीएनएसएफच्या मुळाशी ज्या मोठ्या कंपन्या आहेत त्यातली सर्वात जुनी बर्लिंग्टन, पूर्ण नाव शिकागो बर्लिंग्टन अँड क्विन्सी, जी १८४९ मध्ये इलिनॉयमधल्या ऑरोरा गावच्या लोकांनी बारा मैलांचा फाटा म्हणून सुरू केली. पण गोष्टीतला मुख्य माणूस म्हणजे जेम्स जे. हिल. कॅनडातल्या ऑन्टारिओत १८३८ चा जन्म, लहानपणी बाण लागून एका डोळ्यानं अधू झालेला, पोरसवदा वयात मिनेसोटातल्या सेंट पॉल गावी आला आणि नदीच्या धक्क्यावर बोटींच्या मालाचा हिशोब ठेवणारा कारकून झाला. आमच्या आजोबांचंच काम की हे! तिथं उभं राहून माल कुठून येतो, कुठं जातो, कुठं अडतो हे त्यानं बघितलं आणि १८७८ मध्ये भागीदार गोळा करून एक बुडालेली रेल्वे विकत घेतली, सेंट पॉल अँड पॅसिफिक. तिचीच पुढं ग्रेट नॉर्दर्न झाली.

हिलची पद्धत मला फार आवडते. त्याच्या दक्षिणेला नॉर्दर्न पॅसिफिक नावाची दुसरी कंपनी होती, तिला १८६४ मध्ये अब्राहम लिंकनच्या सहीनं सनद मिळालेली आणि लाइन टाकण्याच्या बदल्यात सरकारकडून जवळपास ४ कोटी एकर जमीन. एवढं असून १८७३ ला तिला पैसे पुरवणारी जे कुकची पेढी बुडाली, तिच्याबरोबर अख्खा बाजार बसला, आणि १८९३ च्या मंदीत ती परत दिवाळखोरीत. हिलनं पॅसिफिकपर्यंतची वाढीव लाइन सरकारी जमिनीशिवाय टाकली, आणि एकदम पळत सुटला नाही. थोडी लाइन टाकायची, तिथं शेतकरी आणून वसवायचे, त्यांना चांगल्या जातीचे वळू वाटायचे, गहू पिकायला लागला की तो गाडीत भरायचा आणि त्याच्या भाड्यावर पुढची लाइन. दुसरं म्हणजे चढ. तो चढ आणि वळणं कमी ठेवण्यासाठी हट्ट धरायचा. आपल्या पुणे लाइनीवर शिंदवणे आणि आदर्कीच्या घाटात भरलेली मालगाडी कशी रांगते ते ज्यानं बघितलंय त्याला ह्याचं महत्त्व कळेल, चढ जितका कमी तितके एका इंजिनामागं डबे जास्त आणि हा फायदा एक दिवसाचा नाही, लाइन असेपर्यंतचा. रॉकी पर्वत ओलांडायला कमी चढाची खिंड पाहिजे म्हणून त्यानं जॉन स्टीव्हन्स नावाच्या इंजिनिअरला पाठवलं आणि त्यानं १८८९ च्या डिसेंबरात, बर्फात, मरायस खिंड गाठली. हाच माणूस पुढं पनामा कालव्याचा चीफ इंजिनिअर झाला. १८९३ च्या जानेवारीत लाइन पूर्ण झाली, त्याच वर्षी मंदी आली, नॉर्दर्न पॅसिफिक बुडाली आणि ग्रेट नॉर्दर्न टिकली.

मग हिलनं जे. पी. मॉर्गन ह्या बड्या बँकरबरोबर नॉर्दर्न पॅसिफिकवर सुद्धा पकड बसवली, आणि दोघांच्या लक्षात आलं की आपल्या दोन्ही लाइनी सेंट पॉलला संपतात, शिकागोपर्यंत आपलं काहीच नाही. म्हणून १९०१ मध्ये बर्लिंग्टन विकत घेतली, २०० डॉलरला शेअर ह्या भावानं, निम्मा निम्मा वाटा ग्रेट नॉर्दर्न आणि नॉर्दर्न पॅसिफिकचा. हे कळल्यावर युनियन पॅसिफिक ह्या स्पर्धक रेल्वेचा एडवर्ड हॅरिमन खवळला, कारण बर्लिंग्टन त्याच्या मुलखात घुसलेली होती. त्यानं वाटा मागितला, मिळाला नाही, मग त्यानं गुपचूप बाजारातून नॉर्दर्न पॅसिफिकचेच शेअर उचलायला सुरुवात केली, म्हणजे ती हातात आली की बर्लिंग्टनचा अर्धा वाटा आपोआप आला. दोन्ही बाजू इतकी खरेदी करायला लागल्या की बाजारात शेअरच उरले नाहीत आणि ज्यांनी हातात नसलेले शेअर विकून ठेवले होते ते अडकले, ९ मे १९०१ ला नॉर्दर्न पॅसिफिकचा शेअर १००० डॉलरला गेला आणि बाकीचा सगळा बाजार कोसळला.

शेवटी भांडणारे एकत्र बसले आणि त्याच वर्षी नॉर्दर्न सिक्युरिटीज नावाची एक कंपनी काढली, तिच्याकडं सगळ्यांचे शेअर ठेवले, म्हणजे नावं वेगळी पण मालक एक. इथं सरकार आडवं आलं. थिओडोर रूझवेल्ट नुकताच राष्ट्राध्यक्ष झाला होता, त्याच्या सरकारनं १९०२ मध्ये केस घातली आणि १९०४ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला की ही कंपनी मोडा, हा मक्तेदारीचा डाव आहे.

मला विचाराल तर कोर्टाचं बरोबर होतं. त्या काळात डकोटा मोंटानातल्या शेतकऱ्याला गहू बाजारात न्यायला रेल्वेशिवाय दुसरी वाट नव्हती, ट्रक नव्हते, रस्ते नव्हते, दोन रेल्वेंपैकी एक भाडं वाढवते म्हणून दुसरीकडं जायची जी थोडी सोय होती तीच गेली असती. आमच्या धंद्यात सुद्धा सीझनला दोनच गाड्या उपलब्ध असतात तेव्हा भाडं काय होतं हे बेदाणावाल्यांना विचारा.

पण मालाच्या बाजूनं बघितलं तर हिलचं सुद्धा खरं होतं, त्या तीन लाइनी एकमेकींना पूरकच होत्या. पश्चिमेचं लाकूड पूर्वेला, पूर्वेचा पक्का माल पश्चिमेला, आणि बर्लिंग्टनमुळं मध्ये शिकागो. म्हणून कंपन्या वेगळ्या राहिल्या तरी बहिणींसारख्या वागत राहिल्या, कोलंबिया नदीच्या काठानं स्पोकेन पोर्टलंड अँड सिएटल ही लाइन ग्रेट नॉर्दर्न आणि नॉर्दर्न पॅसिफिकनं मिळूनच बांधली, बर्लिंग्टन दोघींची मिळून होतीच. हिल १९१६ मध्ये गेला. विसाव्या शतकाच्या विशीत परत विलीनीकरणाचा प्रयत्न झाला, तेव्हा रेल्वेवर देखरेख ठेवणाऱ्या कमिशननं सांगितलं बर्लिंग्टन सोडणार असाल तर परवानगी, आणि बर्लिंग्टनशिवाय सगळ्याला अर्थच नव्हता म्हणून ते सोडून दिलं. १९६१ ला परत अर्ज. १९६६ ला कमिशननं ६ विरुद्ध ५ मतांनी नाही म्हटलं, पुढच्याच वर्षी फेरविचार करून हो म्हटलं. मध्ये कामगार संघटनांना लिहून दिलं होतं की लोक काढणार नाही, जागा कमी होतील त्या रिटायरमेंटमधूनच होतील, आणि मिलवॉकी रोड नावाच्या स्पर्धक रेल्वेला काही नवीन जोड, म्हणजे आपल्या लाइनींना येऊन मिळायच्या जागा, दिले होते. सरकारचं न्यायखातं परत कोर्टात गेलं. शेवटी १९७० च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं परवानगी दिली आणि २ मार्च १९७० ला बर्लिंग्टन नॉर्दर्न जन्माला आली. ज्या कोर्टानं १९०४ ला मोडायला लावलं त्याच कोर्टानं ६६ वर्षांनी जोडायला परवानगी दिली, कारण तोपर्यंत ट्रक आले होते, हायवे आले होते, विमानं आली होती, रेल्वेची मक्तेदारी राहिलीच नव्हती.

त्याच वर्षी अमेरिकेच्या पूर्वेला काय झालं ते बघितल्याशिवाय ह्याची किंमत कळत नाही. पेनसिल्व्हेनिया रेलरोड आणि न्यूयॉर्क सेंट्रल ह्या दोन महाकाय कंपन्या १ फेब्रुवारी १९६८ ला एकत्र येऊन पेन सेंट्रल झाली आणि २१ जून १९७० ला, अडीच वर्षं पण झाली नाहीत, दिवाळखोरीत गेली, तोपर्यंतची अमेरिकेतली सर्वात मोठी दिवाळखोरी. शंभर वर्षं एकमेकींच्या शेजारून त्याच गावांना जाणाऱ्या, एकमेकींचे गिऱ्हाईक पळवणाऱ्या कंपन्या, दोघींचे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नव्हते, दोन्हीकडचे साहेब आपापल्या गटात, वॅगनी चुकीच्या यार्डात जाऊन हरवायच्या, वर पॅसेंजर गाड्यांचा तोटा. बर्लिंग्टन नॉर्दर्नचं तसं झालं नाही ह्याचं एक कारण म्हणजे ती घराणी पिढ्यान्‌पिढ्या एकत्र काम करत होती, अंतरं लांब होती, पॅसेंजरचं ओझं तुलनेनं कमी, आणि तेही १ मे १९७१ ला ॲमट्रॅक ही सरकारी कंपनी सुरू झाल्यावर अंगावरून उतरलं.

दुसरं कारण कोळसा. १९७० मध्येच अमेरिकेत हवा स्वच्छ ठेवण्याचा कडक कायदा झाला, वीज कंपन्यांना कमी गंधकाचा कोळसा पाहिजे झाला, आणि तो निघाला वायोमिंगमधल्या पावडर रिव्हर खोऱ्यात, बरोबर बर्लिंग्टन नॉर्दर्नच्या दारात. शंभर शंभर वाघिणींची अख्खी गाडी एका खाणीतून भरायची आणि मध्ये कुठंही न तोडता थेट एका वीज केंद्रावर रिकामी करायची, युनिट ट्रेन म्हणतात त्याला. त्यासाठी कंपनीनं जिलेटपासून ओरिनपर्यंत शंभर मैलांच्या वर नवीन लाइन टाकली, १९७९ मध्ये ती पूर्ण झाली, अमेरिकेत १९३० च्या दशकानंतर एवढी लांब नवी लाइन कुणी टाकली नव्हती. हा कोळसा नसता तर ह्या विलीनीकरणाचं नाव इतक्या आदरानं घेतलं गेलं असतं का मला शंका आहे. पुढं १९८० च्या नोव्हेंबरात सेंट लुईस सॅन फ्रान्सिस्को म्हणजे लोक जिला फ्रिस्को म्हणतात ती रेल्वे आली आणि दक्षिणेकडं अलाबामा फ्लोरिडापर्यंत हात पोचला. त्याच वर्षी स्टॅगर्स कायदा झाला, भाडं ठरवायचं स्वातंत्र्य रेल्वेला मिळालं, नको असलेल्या लाइनी सोडून देणं सोपं झालं.

नको असलेल्या लाइनी हा शब्द मला टोचतो. ती कंपनीला नको असते, गावाला पाहिजे असते. ती मिलवॉकी रोड, जिला नवे जोड दिले होते, ती तरी कुठं टिकली, १९७७ ला दिवाळखोरीत आणि १९८० ला तिनं मोंटानापासून पॅसिफिकपर्यंतची अख्खी लाइन सोडून दिली, रूळ उखडले. आणि जुन्या नॉर्दर्न पॅसिफिकच्या लाइनीवर बिलिंग्ज, बोझमन, मिझूला ही चांगली मोठी गावं, तिथून मालगाड्या रोज जातात पण पॅसेंजर १९७९ पासून एक नाही. शिकागो सिएटल गाडी आहे, एम्पायर बिल्डर, हिलच्या सन्मानार्थ १९२९ ला सुरू झालेली, ती आज ॲमट्रॅक चालवते, बरीचशी बीएनएसएफच्या रुळावर, पण ती वरच्या लाइनीनं जाते. आपल्याकडं मालगाडीला बाजूला उभं करून पॅसेंजर सोडतात, त्यानं माल रखडतो हे खरं, मी रोज भोगतो, पण किर्लोस्करवाडी भिलवडी ताकारीचा माणूस गाडीनं सांगली मिरजेला येऊ शकतो ही गोष्ट मी त्या वेगासाठी सोडणार नाही.

आता सांता फे. ही सायरस हॉलिडे नावाच्या माणसानं कॅन्ससमध्ये १८५९ ला सनद मिळवून उभी केली, ॲचिसन टोपेका अँड सांता फे. गंमत म्हणजे जिच्या नावात सांता फे त्या सांता फे गावावरून मेन लाइन गेलीच नाही, डोंगर आडवे आले, लेमी नावाच्या स्टेशनवरून १८८० मध्ये फाटा काढला. साताऱ्याच्या लोकांना हे नवीन नाही, स्टेशन माहुलीला आणि शहर लांब. सांगलीचं पण तसंच, स्टेशन चौक गावात आहे पण आजचं स्टेशन तिथं नाही. सांता फेचा डोळा होता तो लॉस एंजेलिसवर. १८८७ मध्ये ती तिथं पोचल्यावर सदर्न पॅसिफिकबरोबर भाड्याचं असं युद्ध झालं की मिझुरी नदीपासून लॉस एंजेलिसचं तिकीट एका दिवसापुरतं १ डॉलरवर आलं, आणि दक्षिण कॅलिफोर्नियात माणसांचा लोंढा गेला. स्टेशनवरची फ्रेड हार्वीची जेवणघरं, लाल रुपेरी इंजिनं, सुपर चीफ गाडी, अमेरिकन माणसाच्या मनात रेल्वे म्हटलं की अजून हेच.

पण १९८० पर्यंत सांता फे एकटी पडली, आजूबाजूला सगळे मोठे होत होते. १९८३ ला तिच्या आणि सदर्न पॅसिफिकच्या मालक कंपन्या एकत्र आल्या आणि रेल्वेचं विलीनीकरण होणारच असं धरून शेकडो इंजिनांना नवा लाल पिवळा रंग मारला, अर्धी अक्षरं लिहिली, उरलेल्या अर्ध्यांसाठी जागा मोकळी सोडली. १९८६ मध्ये कमिशननं नाही म्हटलं, कारण दोघी बऱ्याच ठिकाणी समांतर होत्या आणि गिऱ्हाइकाला पर्याय राहिला नसता. अर्ध्या नावाची इंजिनं तशीच वर्षानुवर्षं फिरत राहिली.

त्या नकारानंतर सांता फेनं जे केलं ते मला ह्या सगळ्या इतिहासातलं सर्वात शहाणपणाचं वाटतं, आणि मी ट्रकवाल्यांबरोबर काम करतो म्हणून तर जास्तच. १९८९ मध्ये तिचा अध्यक्ष मायकल हॅव्हर्टी यानं जे. बी. हंट ह्या मोठ्या ट्रक कंपनीच्या मालकाला गाडीत बसवून लाइन दाखवली आणि करार केला, गिऱ्हाइकाच्या दारात ट्रक जाणार, मधला हजारो मैलांचा पल्ला तीच पेटी रेल्वेवरून जाणार. ज्याला शत्रू म्हणत होते तोच सर्वात मोठा गिऱ्हाईक झाला. आज शिकागो लॉस एंजेलिस लाइनीवर एकावर एक दोन कंटेनर ठेवलेल्या गाड्या चालतात, त्यांच्या वाढीला ह्या करारानं मोठा हातभार लावला.

मग १९९४ च्या जूनमध्ये बर्लिंग्टन नॉर्दर्न आणि सांता फेनं एकत्र यायचं जाहीर केलं. युनियन पॅसिफिक परत मध्ये घुसली, जास्त भाव लावला, बर्लिंग्टन नॉर्दर्नला पण वाढवून द्यावा लागला, १९९५ च्या जानेवारीत युनियन पॅसिफिकनं माघार घेतली. २२ सप्टेंबर १९९५ ला दोन्ही मालक कंपन्या एक झाल्या, रेल्वे कायद्यानं एक झाली १९९६ च्या शेवटच्या दिवशी. हे विलीनीकरण चाललं कारण एकीकडं कोळसा, धान्य, लाकूड आणि दुसरीकडं कंटेनर, एकीचा मुलूख वर, दुसरीचा खाली. ह्या उलट युनियन पॅसिफिकनं १९९६ मध्ये सदर्न पॅसिफिक घेतली आणि १९९७ ला ह्यूस्टनच्या आसपास अशी कोंडी झाली की गाड्या जागच्या जागी उभ्या, यार्ड भरलेली, इंजिन नाही, स्टाफ नाही, कारखान्यांना कच्चा माल मिळेना. कागद जुळले म्हणजे यार्ड जुळलं असं होत नाही. बीएनएसएफ १९९९ च्या डिसेंबरात कॅनेडियन नॅशनलबरोबर एक व्हायला निघाली होती पण रेल्वेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी बोर्डानं मार्च २००० मध्ये सगळ्याच मोठ्या विलीनीकरणांवर १५ महिन्यांची बंदी घातली आणि तो बेत सोडावा लागला. २०१० च्या फेब्रुवारीत वॉरन बफेच्या बर्कशायर हॅथवेनं अख्खी कंपनी घेतली, कर्ज धरून ४४ अब्ज डॉलरचा व्यवहार.

रूळ खरंच एक झाले की काय होतं ते आपण लातूरच्या दुष्काळात बघितलंय. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली, जलदूत, कृष्णेचं पाणी हैदरखान विहिरीवरून आणून टँकरमध्ये भरलं, पहिली दहा वाघिणींची आणि पुढं पन्नास वाघिणींची, एका खेपेला २५ लाख लिटर. पंढरपूर कुर्डुवाडी मार्गे, म्हणजे ज्या वाटेवर पूर्वी बार्शी लाइटची नॅरोगेज होती त्याच वाटेनं. ब्रॉडगेज झालं नसतं तर ते पाणी कुठल्या टँकरमधून कुठल्या टँकरमध्ये ओतत बसलो असतो? मामा तेव्हा रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती पण स्टेशनवर जाऊन उभे राहिले, मी विचारलं मामा काय बघताय, म्हणाले, "कुठंच उतरवायचं नाही रे ह्याला, सरळ लातूर."

अमेरिकेत आता परत मोठं प्रकरण उभं राहिलंय. २०२५ च्या जुलैमध्ये युनियन पॅसिफिकनं पूर्वेची नॉरफोक सदर्न घ्यायचं जाहीर केलं, ८५ अब्ज डॉलरचा सौदा, झाला तर एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणारी एकच रेल्वे पहिल्यांदा होईल. त्याला सरकारी बोर्डाची मंजुरी लागते आणि २००१ पासूनचे नियम कडक आहेत, नुसतं नुकसान होणार नाही म्हणून चालत नाही, स्पर्धा वाढेल हे दाखवावं लागतं. बीएनएसएफ ह्याच्या विरोधात आहे, पण तिनं नुसती तक्रार केलेली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिनं पूर्वेच्या सीएसएक्सबरोबर कंटेनरच्या थेट गाड्या जाहीर केल्या, दक्षिण कॅलिफोर्नियातून नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटला आणि फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला, फीनिक्सहून अटलांटाला, कंपन्या दोन पण पेटी मध्ये कुठं रखडायला नको ह्या हिशोबानं. मला स्वतःला हा रस्ता जास्त पटतो, कारण ह्यात शेतकऱ्याचा आणि कारखानदाराचा दुसऱ्या रेल्वेकडं जायचा मार्ग शिल्लक राहतो, आणि माल पण पोचतो.